चिनी बनावटीची, पण बनावट नव्हे

मराठीत ‘बनावट’ हा एकच शब्द दोन टोकांची कामे करतो. ‘भारतीय बनावटीचे विमान’ असे बातमीत आले की आपल्याला अभिमान वाटतो. ‘बनावट नोटा’ असे आले की हात आपोआप खिशाकडे जातो. उर्दूतही तेच आहे. इमारतीची बनावट चांगली असते आणि एखाद्याच्या बोलण्यात बनावट असते. वर्गात हा शब्द शिकवताना मी मुलांना एवढेच सांगतो की, पहिल्या अर्थात वस्तू कुठे आणि कशी घडली ते कळते. दुसऱ्या अर्थात ती वस्तू स्वतःच्या ओळखीबद्दल खोटे बोलते.

हा साधा फरक सध्या सायकलच्या बाजारात पुसला गेला आहे, म्हणून हा लेख.

गेल्या काही वर्षांत आपल्या शहरांत पहाटे सायकल चालवणाऱ्यांची संख्या वाढली आहे. सोलापूरही त्याला अपवाद नाही. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर या रस्त्यांवर रविवारी सकाळी हेल्मेट घातलेली मंडळी दिसतात. त्यात डॉक्टर आहेत, वकील आहेत, आमच्यासारखे शिक्षक आहेत आणि मोबाइलच्या दुकानात काम करणारी पोरेही आहेत. नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पूर्ण केली, तेव्हापासून या छंदाला महाराष्ट्रात वजन आले. आणि छंदाला वजन आले की वस्तूचे वजन कमी करण्याची हौस सुरू होते. लोखंडी सायकलीवरून माणूस अ‍ॅल्युमिनियमवर येतो आणि अ‍ॅल्युमिनियमवरून त्याची नजर कार्बनवर जाते.

कार्बनची अडचण किंमत ही आहे. युरोपातल्या नामांकित कंपनीची, शर्यतीत धावणारी सर्वांत वरची सायकल घ्यायची तर दहा लाखांच्या वर जावे लागते. त्यात आयात शुल्क आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात सायकलींवरचे हे शुल्क ३० टक्क्यांवरून ३५ टक्के झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला ही चांगली गोष्ट, पण दहा लाखांच्या वस्तूत त्याने आपल्यासारख्याला काय फरक पडणार? अनुदानित शाळेतल्या शिक्षकाने दहा लाख हा आकडा घराच्या कर्जाच्या संदर्भातच ऐकलेला असतो.

मग माणूस स्वस्त कार्बन शोधतो. इथे त्याला दोन प्रकार भेटतात. एक, ज्याच्यावर कोणाचेच नाव नाही असा. दुसरा, ज्याच्यावर भलत्याचेच नाव आहे असा. दोन्ही चिनी, दोन्हींची किंमत जवळपास सारखी. त्यामुळे लोक दोघांना एकाच पोत्यात भरतात. कोणी दोघांना ‘चायना माल’ म्हणून हसतात, तर कोणी दोघांना ‘स्मार्ट खरेदी’ म्हणून डोक्यावर घेतात. माझे म्हणणे असे की पहिला प्रकार इमानदार आहे आणि दुसरा नाही. आणि हा फरक केवळ नीतीचा नाही, हाडे शाबूत राहण्याचाही आहे.

माझी स्वतःची सायकल पहिल्या प्रकारची. काळी, मॅट रंगाची, वर एक अक्षरही नाही. चीनमधल्या शियामेन शहरातल्या विक्रेत्याकडून फ्रेम आणि चिमटा, म्हणजे फोर्क, घेतला. शारजात नोकरीला असलेल्या मामेभावाच्या पत्त्यावर तो मागवला. सुटीवर येताना त्याने आणला आणि विमानतळावर बिल दाखवून शुल्क भरले. गिअर जुने पण अस्सल शिमानोचे, चाके साध्या अ‍ॅल्युमिनियमची. दीड वर्षात हळूहळू जमवलेल्या या सायकलीला सगळे मिळून सुमारे ऐंशी हजार लागले. चार वर्षांत ती चौदा हजार किलोमीटर चालली आहे. रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण विचारतो, “कंपनी कुठली?” मी सांगतो, “कुठलीच नाही.” यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जी दया दिसते तिची आता मला सवय झाली आहे.

ही दया अज्ञानातून येते. जगातल्या कार्बन फ्रेमचा फार मोठा भाग तैवान आणि चीनमध्येच तयार होतो. तैवानची ‘जायंट’ ही कंपनी १९७२ मध्ये सुरू झाली ती दुसऱ्यांसाठी सायकली बनवून देण्यासाठी. अमेरिकेच्या श्विनसारख्या मोठ्या नावांच्या सायकली तिने बनवल्या, स्वतःचे नाव नंतर लावले. आज कितीतरी पाश्चात्त्य नावांच्या फ्रेम त्याच पट्ट्यात घडतात. धागा बहुतेक वेळा जपानच्या तोरेसारख्या कंपनीचा असतो. आणि २०२५ मध्ये तर ‘एक्सडीएस’ या शेनझेनच्या कंपनीने अस्ताना संघालाच आपले नाव दिले. तो संघ टूर द फ्रान्समध्ये चिनी नावाच्या चिनी सायकली घेऊन उतरला. तेव्हा ‘चिनी बनावटीची’ म्हणजे आपोआप हलकी, हा समज आता सोडायला हवा.

पण यातूनच दुसरा, जास्त धोकादायक समज जन्माला येतो. तो असा की, “फॅक्टरी तर एकच आहे, फक्त ठप्पा वेगळा.” नकली माल विकणारा प्रत्येक जण हेच वाक्य बोलतो. तो म्हणतो, रात्रपाळीत तोच साचा, तेच कामगार, तोच धागा. फक्त कंपनीला पैसे जात नाहीत.

कार्बनची फ्रेम कशी बनते ते थोडे समजून घेतले की या वाक्यातला पोकळपणा दिसतो. केसाहून बारीक कार्बनचे धागे राळेत भिजवून त्याचे पातळ कापड तयार करतात. त्या कापडाचे शेकडो तुकडे कापून, कोणता तुकडा कोणत्या कोनात आणि किती थरांत ठेवायचा याच्या नकाशाप्रमाणे, ते हाताने साच्यात लावतात. आतल्या पिशवीत हवा भरून दाब देतात आणि भट्टीत भाजतात. म्हणजे साचा फक्त बाहेरचा आकार ठरवतो. ताकद ठरते ती आतल्या थरांवर, हाताच्या सफाईवर, दाबावर, भाजणीवर आणि शेवटी खराब निघालेली फ्रेम बाजूला काढणाऱ्या तपासनिसावर. आपल्याकडे वीटभट्टीवर एकाच साच्यातून दोन विटा निघतात. एक खणखणीत वाजते, दुसरी पावसात विरघळते. साचा तोच असतो, भाजणी वेगळी असते. शिवाय नकली फ्रेमचा साचा मूळ कंपनीचा असतोच असेही नाही. फोटो बघून आणि मापे घेऊन हुबेहूब आकार उतरवणे आज अवघड नाही.

विटेचे बरे, ती वाजवून पाहता येते. कार्बनवर रंग चढला की आतले काही दिसत नाही. लोखंड वाकते, कुरकुरते, इशारा देते. कार्बन पुष्कळदा शेवटपर्यंत गप्प राहतो आणि एकदम तुटतो. म्हणून या वस्तूच्या बाबतीत ‘हे कोणी बनवले’ या प्रश्नाला शर्टापेक्षा किंवा घड्याळापेक्षा जास्त किंमत आहे. नकली घड्याळ फार तर उशीर करील. उतारावर ताशी साठच्या वेगात असताना हँडल हातात आले तर काय होईल, ते सांगायला नको.

“नामांकित कंपन्यांचे तुटत नाही का?” असे कोणी विचारील. तुटते. मार्च २०२१ मध्ये बेल्जियममधल्या ले सामिन शर्यतीत मॅथ्यू व्हॅन डर पोल या जगप्रसिद्ध सायकलपटूचे हँडल चालू शर्यतीत तुटले. सायकल जर्मनीच्या कॅन्यन कंपनीची होती. पुढे काय झाले ते महत्त्वाचे आहे. कंपनीने त्या मॉडेलच्या ग्राहकांना कळवले की सायकल चालवणे थांबवा, आम्ही भाग बदलून देतो. त्याच वर्षी अमेरिकेच्या स्पेशलाइज्ड कंपनीने आपल्या एका महागड्या मॉडेलच्या चिमट्यात दोष निघू शकतो म्हणून सायकली परत बोलावल्या. नाव लावण्याचा खरा उपयोग हा आहे. नाव मिरवण्यासाठी असते असे आपण समजतो. ते असते दोष निघाल्यावर कोणीतरी जबाबदार धरता यावे आणि त्याने आपल्याला हाक मारता यावी म्हणून.

आता सांगा, त्याच कंपनीच्या नकली फ्रेमवर बसलेल्या माणसाला कोण हाक मारणार? मूळ कंपनीच्या वहीत त्याचे नाव नाही, कारण फ्रेमवरचा क्रमांकही खोटा आहे. विकणाऱ्याचा पत्ता नाही. आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मान्यतेचे लेबलसुद्धा या लोकांनी हुबेहूब छापलेले असते. बिननावाची फ्रेम विकणाऱ्याचे तसे नसते. त्याच्या मागे मोठी कंपनी नसेल, पण त्याचे दुकान आहे, ईमेल आहे, तेच साचे तो वर्षानुवर्षे विकतो आहे आणि जगभरच्या ग्राहकांची बरी-वाईट मते त्याला चिकटलेली आहेत. त्याने खोटे नाव सांगितलेले नाही, म्हणून उद्या तोंड लपवायची गरज त्याला कमी आहे.

हे पुस्तकी बोलणे नाही. माझा एक माजी विद्यार्थी आहे, तेवीस वर्षांचा. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. भिशीचे पैसे उचलून त्याने पंच्याऐंशी हजारांत एक सायकल घेतली. फ्रेमवर इटलीच्या एका मोठ्या कंपनीचे नाव, लाल-काळा रंग, बघणाऱ्याचे डोळे दिपावेत अशी. विक्रेता फक्त मोबाइलवर भेटणारा. २०२० मध्ये अलीएक्स्प्रेसवर आपल्याकडे बंदी आली, तेव्हापासून असे मधले लोक माझ्या पाहण्यात वाढले आहेत. पोरगा मला आनंदाने म्हणाला, “सर, फर्स्ट कॉपी है, लेकिन फॅक्टरी एकच है.”

मी त्याला रागावलो नाही. फक्त म्हटले, घाटात जाण्याआधी एकदा मिस्त्रीकडे हँडल उघडून पाहू. उघडले. चिमट्याची जी नळी वर हँडलपर्यंत जाते तिच्या आत लोखंडी चांदणीसारखा नट ठोकून बसवला होता. धातूच्या नळीत तो चालतो. कार्बनच्या नळीत तो आतून धागे कापतो. तिथे पसरून घट्ट बसणारा वेगळा तुकडा वापरतात. नळीची जाडी एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी. आणि हँडल जिथे आवळतात त्याच्या खाली केसासारखी चीर. मिस्त्रीने नखाने दाखवली तेव्हा पोराचा चेहरा उतरला. त्याआधीच्या रविवारी तो याच सायकलवर तुळजापूरचा घाट उतरून आला होता.

विक्रेत्याला फोन केला. पहिल्यांदा उत्तर आले, “कॉपीला वॉरंटी नसते.” दुसऱ्यांदा फोन लागला नाही. तक्रार करायची तर कशाची करणार? पावतीच नव्हती. खोट्या व्यापारचिन्हाचा माल विकणे हा १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याने गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण जो पावती देत नाही त्याला शोधायचे कुठे, हा प्रश्न उरतोच.

“सर, आमच्यासारख्यांनी चांगली वस्तू वापरायचीच नाही का?” असे त्याने मला विचारले. हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. ज्या समाजात अजून मुलाच्या पहिल्या पगारातून घरचे पत्रे बदलले जातात, तिथे दहा लाखांच्या सायकलीचे भाव ऐकून राग येणे स्वाभाविक आहे. त्या किमतीत घडणीचा खर्च किती, जाहिरातीचा किती, संघांना पोसण्याचा किती, हा हिशेब विचारायचा आपल्याला हक आहे. इटलीच्या कंपनीचा नफा बुडाला म्हणून माझी झोप उडत नाही. पण खोट्या नावाने गरिबाला स्वस्त वस्तू मिळते, हे खरे नाही. त्याला मिळते ती त्याच पैशातली कमी दर्जाची वस्तू, कारण उरलेले पैसे रंगात आणि ठप्प्यात गेलेले असतात. पंच्याऐंशी हजारांत त्याला चांगली अ‍ॅल्युमिनियमची सायकल, हेल्मेट, बूट, दिवे घेऊन वर पैसे उरले असते.

आणि नकलेचा फटका नेहमी दूरच्या श्रीमंतालाच बसतो असेही नाही. आम्हा सोलापूरकरांना हे वेगळे सांगायला नको. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. पद्मशाली आणि मोमीन विणकरांच्या पिढ्यांनी या गावाचे नाव कमावले. तरी परगावी तयार झालेली हलकी चादर ‘सोलापुरी’ म्हणून देशभर विकली जाते आणि आमचा यंत्रमागवाला हताशपणे पाहत राहतो. तेव्हा आपण चिडतो. मग इटलीच्या नावाची नकल आपल्या अंगणात आली की तिला ‘फर्स्ट कॉपी’ असे लाडके नाव कसे देतो?

या ‘फर्स्ट कॉपी’ शब्दाचे आपल्याकडे फार कौतुक आहे. कॉपीत पहिली, दुसरी असा क्रम लावला की खोटेपणालाही दर्जा येतो. आखाती देशांतून येणाऱ्या बॅगांतली घड्याळे, बूट, अत्तरे आणि चष्मे यांनी आपल्या मोहल्ल्यांत ही सवय रुजवली. लग्नात मनगटावर काय दिसते, याची चिंता आपण मुलांना लहानपणापासून शिकवली. पोराने सायकलीवर इटलीचे नाव शोधले तर तो आपलाच धडा गिरवत होता. बिननावाची वस्तू वापरायला धैर्य लागते, ते आपण त्याला कधी शिकवले नाही.

ज्यांना खरोखर स्वस्त कार्बनच हवा आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी अनुभवातून सांगतो.

सगळे मिळून पन्नास हजारांच्या आत बसवायचे असेल तर कार्बनचा नाद सोडा. त्या पैशात अ‍ॅल्युमिनियम जास्त टिकेल आणि जास्त आनंद देईल. व्यावसायिक शर्यतीतही ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल चालत नाही. आपल्यापैकी बहुतेकांना सायकलपेक्षा स्वतःचे दोन किलो कमी करणे स्वस्त पडते.

घ्यायचीच तर बिननावाची किंवा विक्रेत्याच्या स्वतःच्या नावाची घ्या. नुसती फ्रेम साधारण ४०० ते ६०० डॉलरला मिळते. वाहतूक आणि शुल्क वेगळे धरा. आयएसओ ४२१० या सुरक्षा मानकाप्रमाणे चाचणी केल्याचा अहवाल मागा. जो विक्रेता त्याच यादीत मोठ्या कंपन्यांच्या नावाच्या फ्रेमही विकतो, त्याच्याकडून बिननावाचीसुद्धा घेऊ नका. जो एका ठिकाणी खोटे नाव लावतो त्याचा अहवाल कशावरून खरा?

गिअर ज्यावर बसतो तो हँगर, म्हणजे मागचा छोटा तुकडा, फ्रेमसोबत दोन जादा मागवा. तो वाकला आणि त्या मापाचा दुसरा मिळाला नाही तर सायकल महिनाभर भिंतीला टेकून राहते.

जोडणी करताना टॉर्क रेंच वापरा. हँडल आणि सीटचे बोल्ट साधारण पाच न्यूटन-मीटरच्या आसपास आवळायचे असतात. भागावर लिहिलेला आकडा पाहा. ‘जरा अजून कस’ ही लोखंडी सायकलीची सवय कार्बनला चिरडते. घसरत असेल तर जास्त आवळू नका, कार्बनसाठीची खरबरीत पेस्ट लावा. 

आपण घाट उतरणारे लोक आहोत. रिमला रबरी ब्रेक लागतात अशा सायकलीला स्वस्त कार्बनची चाके बसवू नका. लांब उतारावर सतत ब्रेक धरला की रिम तापते, राळ मऊ पडते आणि रिमच्या थरांची ताटातूट होते. चाके अ‍ॅल्युमिनियमचीच बरी.

सायकल पडली, आपटली, तर वरचा रंग शाबूत आहे म्हणून निश्चिंत राहू नका. नाण्याने हलके वाजवत जा. एखाद्या जागी आवाज बसका आला तर जाणकाराला दाखवा. आणि वर्षातून एकदा हँडल उघडून चिमट्याची नळी पाहा, कितीही महाग सायकल असली तरी.

त्या विद्यार्थ्याने शेवटी नकली फ्रेम आणि चिमटा काढून ठेवला. गिअर अस्सल निघाले. ते त्याने एका जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर चढवले. चाळीसेक हजारांचा फटका बसला. मग सायकलवाल्यांच्या ओळखीतल्या एकाने त्याला निरोप पाठवला की ती रिकामी फ्रेम मी तीस हजारांना घेतो, मला पुण्यात गिऱ्हाईक आहे, चिरेचे कोणाला सांगू नकोस. तीस हजार म्हणजे त्याचा दोन महिन्यांचा पगार. त्याने दिली नाही. घरी आईने सगळे पैसे बुडाले म्हणून बोल लावले, ते त्याने ऐकून घेतले.

आमच्या गावात जुन्या कापड दुकानदारांची एक रीत मी लहानपणी पाहिली आहे. ठाणात कुठे विणकामाचा दोष असेल तर दुकानदार तो आधी गिऱ्हाईकाला बोटाने दाखवायचा आणि मगच भाव सांगायचा. गिऱ्हाईक घासाघीस करून तेच कापड स्वस्तात न्यायचे आणि दोघेही समाधानी असायचे. स्वस्त वस्तूचा व्यवहार असाही होऊ शकतो.

ज्यांच्या घरी आज खोट्या नावाची फ्रेम उभी आहे, त्यांना माझी एवढीच विनंती आहे. ती उघडून तपासून घ्या. ठीक निघाली तर वरचे नाव खरवडून काढा आणि चालवा. विकायची वेळ आली तर ती काय आहे हे पुढच्याला आधी सांगा. चीर निघाली तर करवतीने कापून टाका, म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या पोराखाली जाणार नाही.